स्टुडिओ आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

लेगोच्या ठोकळ्यांच्या माथ्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, हेच माप धरून एका बिंदूपासून पाच स्टड आडवे आणि पाच स्टड उभे मोजून दुसरा बिंदू घेतला, तर त्या दोहोंमधले तिरके अंतर ७.०७ स्टड भरते, आणि तिथे बसवायची भिंत मात्र नेमकी ७ स्टडची असते. हा फरक सुमारे ०.५७ मिलिमीटरचा आहे. हातात खरे ठोकळे असतील तर बिजागरीच्या प्लेटा, म्हणजे चपटे ठोकळे, किंचित ओढून घेतल्या की भिंत जागेवर जाते आणि बांधणारा पुढच्या थराकडे वळतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र एक टोक जुळवले की दुसरे सुटते, दुसरे जुळवले की पहिले सुटते. लेगोच्या रचना संगणकावर बांधण्याचा ब्रिकलिंक स्टुडिओ हा प्रोग्राम मी बराच काळ वापरत आहे. त्याच्या देखण्या चित्रांविषयी आणि सुट्या भागांच्या यादीविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते कौतुक रास्त आहे. पण मला तो एकाच कसोटीवर घासून पाहायचा आहे. गणिताने न बसणारे पण हाताने बसणारे जोड, तसेच गणिताने बसणारे पण हाताने न बसणारे जोड, यांच्याशी तो कसा वागतो, ही ती कसोटी.

स्टुडिओ मोफत आहे आणि विंडोज व मॅक या दोन्हींवर चालतो. सुट्या ठोकळ्यांच्या खरेदी-विक्रीसाठी २००० साली सुरू झालेली ब्रिकलिंक ही बाजारपेठ २०१९ मध्ये लेगो कंपनीने विकत घेतली, आणि कंपनीचा स्वतःचा जुना प्रोग्राम, लेगो डिजिटल डिझायनर, २०२२ मध्ये बंद झाल्यावर स्टुडिओच त्याच्या जागी आला. जुना प्रोग्राम भलताच काटेकोर होता. दोन भाग एकमेकांत जरासे घुसतात असे त्याला वाटले की तो भाग ठेवूच देत नसे, आणि त्याचे मन वळवण्याची सोय नव्हती. ज्यांनी त्याच्यावर हात बसवला त्यांना स्टुडिओमधली मोकळीक पहिल्यांदा सुटका वाटते. ती मोकळीक म्हणजेच एक जबाबदारीही असते, हे नंतर कळते.

स्टुडिओचा पाया समजल्याशिवाय त्याचे वागणे समजत नाही. लेगोचे भाग आणि रचना संगणकात नोंदवण्याची एलड्रॉ ही पद्धत जेम्स जेसिमन याने १९९५ साली तयार केली, आणि आजचे बहुतेक प्रोग्राम, स्टुडिओसह, तिच्याच वंशातले आहेत. तिच्या मोजमापाचे एकक ०.४ मिलिमीटरचे आहे. त्या एककात एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंतचे अंतर २०, ठोकळ्याची उंची २४, प्लेटची उंची ८ आणि स्टडचा व्यास १२ येतो, म्हणजे मिलिमीटरमध्ये अनुक्रमे ८, ९.६, ३.२ आणि ४.८. आकडे इतके सुबक आहेत की गुंतागुंतीचे जोडकामही तोंडी हिशेबाने करता येते. त्या सुबकपणाची किंमत अशी, की एलड्रॉमधला एक स्टडचा ठोकळा पूर्ण ८ मिलिमीटर रुंद असतो आणि हातातला खरा ठोकळा साधारण ७.८ मिलिमीटरचा. प्रत्येक बाजूला सोडलेली ही दशांश मिलिमीटरची मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. ती नसती तर शेजारीशेजारी बसवलेले दोन ठोकळे एकमेकांना रेटत राहिले असते. डिजिटल ठोकळ्यांना ही गरज नाही, कारण दोन पृष्ठभाग एकाच जागी असले तरी त्यांच्यात घर्षण होत नाही.

यातून दोन उलट्या प्रकारच्या फसवणुकी जन्माला येतात. पहिलीत प्रोग्राम विनाकारण ओरडतो: तिरक्या भिंतीचे टोक शेजारच्या ठोकळ्यात एक दशांश मिलिमीटर घुसलेले दिसते, पण प्रत्यक्षात तिथे तेवढीच मोकळी जागा आधीपासून असल्याने काहीच अडत नाही. दुसरीत तो गप्प राहतो, आणि ही अधिक धोक्याची. तिचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे दोन स्टडांच्या रांगांमध्ये उभी खोचलेली प्लेट. कागदावर २० वजा १२ म्हणजे ८, आणि प्लेटची जाडीही ८. जुळणी इतकी तंतोतंत की पाहणाऱ्याला पद्धतीच्या कर्त्याची दाद द्यावीशी वाटावी. प्रत्यक्षात ती प्लेट जोर लावूनच आत जाते, स्टडांवर ताण येतो, आणि अनुभवी बांधणारे असा जोड नियमबाह्य मानतात. स्टुडिओमध्ये तो अगदी निर्धोक दिसतो. यात प्रोग्रामचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण ज्या भूमितीत ढिलाई नाही त्या भूमितीत ताणही नाही.

आडव्या जोडकामात, म्हणजे स्टड वर न ठेवता बाजूला वळवून केलेल्या बांधणीत, हा हिशेब रोज लागतो. पाच प्लेटांची उंची १६ मिलिमीटर आणि दोन स्टडांची रुंदीही १६, हे सूत्र सर्वांना पाठ असते. पण दोन ठोकळ्यांच्या मध्ये सोडलेले दोन स्टडांचे भोक मोजले तर ते सुमारे १६.२ मिलिमीटर भरते, कारण दोन्ही शेजाऱ्यांनी आपापली दशांश मिलिमीटर मागे घेतलेली असते. तिथे आडव्या केलेल्या पाच प्लेटा सहज मावतात. भोक चार स्टडांचे केले आणि त्यात दहा प्लेटा बसवल्या, तर मोकळीक दुप्पट होत नाही, तेवढीच राहते. प्लेटा एकमेकींवर बसतात तेव्हा मध्ये फट नसते, त्यामुळे उंचीच्या दिशेने ३२ चे ३२ च राहतात आणि सैलपणा फक्त दोन टोकांना मिळतो. ही गोष्ट मला स्टुडिओने शिकवली नाही, शिकवणारही नव्हता. त्याच्या पडद्यावर दोन्ही उदाहरणे सारखीच बिनफटीची दिसतात.

आता तपासणीच्या साधनाकडे येतो. स्टुडिओच्या पट्टीवर दोन बटणे या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत: एक टक्कर तपासणारे, दुसरे जोड ओळखून भाग आपोआप जागेवर खेचणारे. टक्कर तपासणी चालू असताना एखादा भाग दुसऱ्यात घुसला की तो वेगळा दिसू लागतो. ही तपासणी भागाच्या हुबेहूब पृष्ठभागाशी होत नाही, तर त्याच्या पोटात बसवलेल्या साध्या पेट्यांशी होते. स्टुडिओबरोबर येणाऱ्या पार्ट डिझायनरमध्ये एखादा नवा भाग तयार करायला बसले की या पेट्या स्वतःच मांडाव्या लागतात, आणि तेव्हा त्यांचा ओबडधोबडपणा नजरेत भरतो. सरळ ठोकळ्यांसाठी पेटी उत्तम काम देते. कमानी, उतार आणि गोलाकार भाग यांच्या कडेला मात्र पेटी आणि वक्र यांच्यात कोपरे उरतात, आणि तिथे प्रोग्रामच्या शब्दावर विश्वास थोडा कमीच ठेवलेला बरा.

या तपासणीचे उत्तर हो किंवा नाही अशा दोनच शब्दांत येते, हे मला तिचे सर्वांत मोठे अपुरेपण वाटते. घुसखोरी किती, ०.१ मिलिमीटर की दीड मिलिमीटर, हे ती सांगत नाही, आणि बांधणाऱ्याला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते. दशांश मिलिमीटरची टक्कर ठोकळा पचवतो, दीड मिलिमीटरची पचवत नाही. पडद्यावर दोघींना एकच रंग. त्यामुळे कालांतराने वापरणारा कंटाळतो, बटण बंद करतो आणि पुन्हा चालू करायचे विसरतो. मी तेच केले होते, आणि त्याचे प्रायश्चित्त पुढे येते.

बिजागरीच्या बाबतीत स्टुडिओ वाखाणण्यासारखा आहे. बिजागरीवर टिचकी मारली की तिच्या पलीकडचा सगळा समूह फिरवता येतो आणि कोनाचा आकडाही टाकता येतो. अडचण येते ती साखळी बंद करताना. एका टोकाला सुरू झालेली, दोन-तीन बिजागऱ्यांतून वळलेली रचना दुसऱ्या टोकाला पुन्हा पायाशी जोडायची असेल, तर कोणता कोन किती ठेवला म्हणजे शेवटचा जोड बसेल हे बांधणाऱ्यालाच काढावे लागते. शाळेत शिकलेले त्रिकोण इथे उपयोगी पडतात. ३-४-५, ५-१२-१३ आणि ८-१५-१७ हे त्रिकोण चोख बसतात, त्यांना कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. पण त्यांतला एकही ४५ अंशांचा नाही, आणि कापलेले कोपरे, अष्टकोनी बुरूज, खिडकीचे पुढे आलेले सज्जे या सगळ्यांना डोळा मागतो तो ४५ अंशच. दोनचे वर्गमूळ कोणत्याही दोन पूर्णांकांच्या भागाकारात सापडत नाही, त्यामुळे तिथे शुद्ध जुळणी कधीच होणार नाही. होते ती तडजोड.

तडजोडींतही प्रतवारी आहे. ५-५-७ मध्ये भिंत ०.५७ मिलिमीटरने आखूड पडते. ७-७-१० मध्ये ती ०.८ मिलिमीटरने लांब होते, आणि ती जोडी मी टाळतो. १२-१२-१७ मात्र फार सभ्य आहे: १२ च्या वर्गाची दुप्पट २८८, १७ चा वर्ग २८९, आणि एवढ्या लांबीवर फरक जेमतेम ०.२४ मिलिमीटरचा. चूक किती यापेक्षा ती कोणत्या बाजूची हेही पाहावे. आखूड भिंत दोन्ही कोपऱ्यांना आत ओढते आणि प्लेटा स्टडांवरून उचलू पाहते. लांब भिंत कोपऱ्यांना बाहेर रेटते आणि स्वतः किंचित पोट काढते. माझ्या हाताला रेटणारी भिंत परवडते, ओढणारी नाही, कारण स्टडाची पकड घसरण्याला चांगली अडवते पण कडेने हळूहळू सोलले जाण्याला तितकी नाही.

प्रायश्चित्ताची गोष्ट एका बुरुजाची आहे. चौरस पाया, चारही कोपरे ५-५ ने कापलेले, प्रत्येक कापलेल्या कोपऱ्यावर सात स्टडची, सहा थरांची तिरकी भिंत. टक्कर तपासणी बंद करून मी प्रत्येक भिंतीचे एक टोक नीट बसवले आणि दुसऱ्या टोकाचा अर्ध्या मिलिमीटरचा दोष शेजारच्या ठोकळ्यामागे लपला म्हणून समाधान मानले. चित्र सुरेख आले. भाग मागवले, बांधायला घेतले, पहिला थर बसला, दुसराही बसला. तिसऱ्या-चौथ्या थरापासून भिंती ताठर होऊ लागल्या, कारण मी प्रत्येक थर शेजारच्या भिंतीशी सांधला होता आणि प्रत्येक सांधा तोच अर्धा मिलिमीटर पुन्हा मागत होता. सहाव्या थराला पायाच्या प्लेटचा एक कोपरा टक्कन उचलला गेला. तो दाबून बसवला तर समोरचा उठला. चूक सर्वस्वी माझी होती. पडद्यावर जे एका जागी एकदाच दिसत होते ते प्रत्यक्षात सहा थरांत सहा वेळा ताण देणार, हा विचार मी केलाच नव्हता.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत झाली. पहिली बांधणीची: भिंत फक्त तळाशी आणि माथ्याशी बिजागरीने धरली, मधले चार थर शेजाऱ्यांपासून मोकळे सोडले, आणि कडेची केसभर फट उभ्या पट्टीने झाकली. दुसरी डिजिटल मॉडेलची, आणि स्टुडिओचा खरा गुण मला तिथे दिसला. त्यातून मॉडेल एलड्रॉच्या स्वरूपात बाहेर काढता येते, आणि ती फाइल साध्या मजकुराची असल्याने कोणत्याही संपादकात उघडते. तिरकी भिंत आधीच उपमॉडेल म्हणून, म्हणजे मॉडेलच्या आतला स्वतंत्र गट म्हणून, वेगळी केलेली असेल तर तिच्यासाठी एकच ओळ असते: सुरुवातीला १, मग रंगाचा क्रमांक, तो उपमॉडेलला बहुधा १६, म्हणजे भागांचे मूळ रंग तसेच राहू देणारा, मग जागेचे तीन आकडे, फिरवण्याचे नऊ आकडे आणि शेवटी नाव. उंचीचा आकडा वर जाताना ऋण होतो, हे पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. माझी भिंत एकूण १.४२ एककांनी आखूड होती. तो दोष एका टोकाला न ठेवता दोन्ही टोकांना सारखा वाटायचा, तर भिंत तिच्या लांबीच्या दिशेने ०.७१ एकक सरकायला हवी, आणि ४५ अंशांवर त्याचा अर्थ आडव्या दोन्ही अक्षांवर बरोबर अर्धे एकक होतो. २६० चे २६०.५ केले, १४० चे १४०.५ केले, फाइल परत स्टुडिओमध्ये आणली. दोन्ही टोकांना आता ०.२८ मिलिमीटरची चूक उरली, जी दिसतही नाही आणि प्रत्यक्षातल्या भिंतीच्या वागण्याशी जुळतेही, कारण खरी भिंतही एका टोकाला चिकटून राहत नाही, मध्ये तरंगते.

भागाला मोजमापाने किंचित ताणून जोड बसवण्याचीही एक वाट आहे, कारण त्या नऊ आकड्यांत फिरवण्याबरोबर लहान-मोठे करण्याचीही ताकद असते. सातची भिंत एक टक्का लांबवली की चित्रात सगळे बिनबोभाट जुळते. केवळ चित्रासाठी कोणी हे केले तर माझी हरकत नाही. पण ज्या मॉडेलवरून खरे बांधकाम व्हायचे आहे त्यात हा ताणलेला भाग म्हणजे खोट्या मापाची पट्टी होय, आणि सहा महिन्यांनी तो आपल्यालाच ओळखू येत नाही.

रेल्वेच्या रुळांची तऱ्हा थोडी वेगळी, पण तिथेही डिजिटल मांडणी हातातल्यापेक्षा कडक वागते. मानक वक्र रूळ ४० स्टड त्रिज्येचा असतो आणि असे १६ मिळून पूर्ण वर्तुळ होते, म्हणजे प्रत्येकी २२.५ अंश. एक वक्र डावीकडे आणि लगेच एक उजवीकडे लावला की गाडी बाजूला ६.०९ स्टड सरकते आणि पुढे ३०.६१ स्टड जाते. बाजूचे ६.०९ सहा मानून चालते, रुळांच्या सांध्यांतला सैलपणा ते गिळून टाकतो, पुढचे ३०.६१ मात्र ३१ मानता येत नाही, तो जवळजवळ ३ मिलिमीटरचा फरक आहे आणि त्यासाठी मांडणीच बदलावी लागते. कोणती तडजोड सांध्यात जिरेल आणि कोणती नाही हे स्टुडिओ सांगत नाही, पण अंतर किती सुटले ते मोठे करून पाहता येते, आणि मला तेवढे पुरते.

रबरी टायर, दोऱ्या, वाकणाऱ्या नळ्या यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रोग्रामला सगळे टणकच वाटते, टायर मडगार्डला टेकला की तो टक्कर म्हणतो, आणि तिथे त्याचे न ऐकणे योग्य.

तडजोडीचा जोड केला की त्याचे परिणाम पुढच्या साधनांतही उतरतात. स्टुडिओ ज्या दोन भागांचे जोड एकमेकांशी जुळलेले पाहतो त्यांनाच जोडलेले मानतो. अर्धे एकक सरकवलेली भिंत त्याच्या लेखी हवेत असते. मॉडेलच्या मजबुतीची तपासणी चालवली की अशी भिंत सुटी म्हणून दाखवली जाण्याची तयारी ठेवावी. सूचनापुस्तिका करताना मला याचा त्रास झाला नाही, उलट उपमॉडेल वेगळे असल्यामुळे भिंत आधी बाजूला बांधा आणि मग बसवा अशी पायरी आपसूक तयार झाली, आणि ती बांधणाऱ्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे. फक्त त्या पायरीच्या चित्रावर मी हाताने एक ओळ घालतो, की भिंत बसवताना दोन्ही बिजागऱ्या एकाच वेळी दाबाव्यात. एक बाजू पूर्ण दाबून मग दुसरी ओढली तर पायाची प्लेट उचलते, हे मला आता चांगलेच ठाऊक आहे.

चित्रांबद्दल एक जाताजाता. बिनफटीच्या भूमितीमुळे डिजिटल भिंती एकसंध ओतल्यासारख्या दिसतात आणि ठोकळ्यांची सीमा हरवते. एलड्रॉच्या फाइली पाहण्यासाठी असलेल्या एलडीव्ह्यू या प्रोग्राममध्ये ठोकळ्यांमध्ये कृत्रिम फट दाखवण्याची सोय आहे आणि ती वापरली की चित्र एकदम ओळखीचे वाटू लागते. ती फट दिसण्यापुरतीच असते, जोडांच्या हिशेबात तिचा काही उपयोग नाही; पण कोणत्या दोन भागांमध्ये प्रत्यक्षात श्वास घ्यायला जागा आहे हे तिच्यामुळे डोळ्यांपुढे येते, आणि असे काहीतरी स्टुडिओच्या रोजच्या खिडकीतही असायला हवे होते असे मला वाटते.

माझे मत विचाराल तर ज्याला तिरके, वळलेले, आडवे जोडकाम करायचे आहे त्याने स्टुडिओ जरूर घ्यावा, मात्र टक्कर तपासणी चालू ठेवूनच काम करावे आणि ती बंद करायची वेळ येईल तेव्हा त्या एका जोडापुरतीच बंद करावी. मी प्रत्येक तडजोडीचा भाग वेगळ्या उपमॉडेलमध्ये ठेवतो आणि त्याच्या नावातच चूक किती आणि कोणत्या बाजूची हे लिहितो. एलड्रॉच्या फाइलीत शून्य आणि दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी ओळ म्हणजे टिपण असते, प्रोग्राम ती वाचत नाही. बुरुजाच्या चार भिंतींच्या वर माझ्या फाइलीत अशा चार ओळी आहेत, आणि चारींमध्ये मजकूर एकच आहे: ०.५७ आखूड, दोन्हीकडे वाटून, मधले थर मोकळे.